इंडक्शनवरची आमटी

विजयश्रीने दार उघडलं आणि तशीच चपलांसकट आत धावली. घरभर गॅसचा उग्र वास कोंडला होता. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला, शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. वरण उतू जाऊन ज्योत केव्हाच विझली होती आणि ओट्याशेजारी सोपानराव निवांत लसूण सोलत बसले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. वरण उतू गेलं."

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते बरेच महिने भिंतीकडे बघत बसून असायचे. मग विजयश्री चिखलीतल्या गणवेशांच्या कारखान्यात शिवणकामाला जाऊ लागली, संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला आणि माणूस खुलला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोडण्या समजावून सांगू लागला.

जेवण झाल्यावर तिने हिंगाची डबी त्यांच्या नाकाशी धरली.

"बघा हो, वास उडालाय का याचा?"

त्यांनी हुंगल्यासारखं केलं. "चांगला आहे की."

डबीत तिने नुसती कणीक भरली होती.

रविवारी ती पिंपरीहून इंडक्शनची शेगडी घेऊन आली. सोपानरावांचा चेहरा उतरला.

"का? मला गॅसवर जमत नाही?"

"जमतं की. कारखान्यातल्या बायका सांगत होत्या, म्हटलं आपणही बघू."

"जाळ दिसत नाही, तर आच कळायची कशी?"

तिने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावून पाहिलं. ॲल्युमिनियमची कढई बाद झाली, स्टीलची पातेली पास झाली. दूध बघता बघता तापलं. भातही मोकळा झाला. फोडणीचं तेल मात्र मधोमधच तापलं, कडेची मोहरी गप्प पडून राहिली. भाकरी तर फुगायचं नाव घेईना. आता सोपानराव जरा खुशीत आले.

"भाकरीला जाळच लागतो."

"मग भाकरी गॅसवर, मी घरी असताना. तुमचं बाकीचं यावर."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मी घरी असताना," ते हळूच म्हणाले. मग मान हलवली. "चालेल."

बुधवारी ती कामावरून परतली, तेव्हा इंडक्शनवर आमटी तयार होती. सोपानरावांनी झाकण काढलं, पण वाढायला घेतलं नाही.

"विजया, वास कसा आलाय गं?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पातेल्यावर वाकली.

"खमंग. लसूण थोडा पुढे आहे. त्याच्या मागून गोडा मसाला. कोथिंबीर अगदी ताजी."

ते डोळे मिटून ऐकत होते.

"आणि चिंच?"

"चिंच वासाला नाही कळत हो. ती जिभेलाच."

"मग तेवढं माझं मी बघतो," म्हणत त्यांनी पळीतली थोडी आमटी तळहातावर घेतली.