बाटल्यांची रांग

हिरव्या लुगड्याच्या काठाचा तो बोळा बाटलीच्या तोंडात किती घट्ट बसला होता... अर्जुनरावांनी तो उपसला, बोटांना रॉकेलचा वास लागला, आणि आपण धाड गावच्या सोसायटीच्या तपासणीला आलो आहोत हे ते क्षणभर विसरूनच गेले. ओट्यावर बाटल्यांची लांबलचक रांग. माणूस मात्र एकही नाही. बाया पहाटे बाटली ठेवून मजुरीला जातात, विक्रेता उकंडराव ओळीनं रेशनचं रॉकेल भरून ठेवतो, दिवेलागणीला जी ती आपली चिंधी ओळखून घेऊन जाते. ना भांडण, ना मजुरीचा खाडा.

पण कार्डधारकानं समक्ष हजर राहावं असा नियम होता, आणि अर्जुनराव आता सहकार खात्याचे साहेब होते.

पूर्वी उंद्रीच्या खरेदी-विक्री संघात — राज्य नवं होतं, आपणही नवे होतो, काय हुरूप होता अंगात! — सरकीच्या वाटपाला गाड्या वेशीपर्यंत लागायच्या, बैल जुवाखाली ताटकळायचे. तेव्हा मॅनेजर अर्जुनरावांनी गावागणिक वेगळ्या रंगाची फडकी बैलांच्या शिंगांना बांधली. आधी लाल फडक्यांची पाळी, मग पिवळ्यांची. बाकीच्यांनी बैल सोडून खुशाल बाजार करावा. संघाचे अध्यक्ष मोतीरामअण्णा पोट धरून हसले होते, "तुमी तं बैलपोयाच आनला!" ते हसू अजून कानात आहे... मग जिल्ह्याहून साहेब आले, फडकं चिमटीत धरून म्हणाले, "हे कोणत्या नियमाखाली?" परवानगीचा कागद वर गेला, तो वरच राहिला. फडकी सोडताना अर्जुनरावांना रडू फुटलं होतं. बायकोनं, अन्नपूर्णेनं, त्या फडक्यांची गोधडी शिवली. थंडीत अजून तीच लागते.

"काई चुकलं का साहेब?" उकंडराव विचारत होता. "बाटली उभी राह्यते अन् बाई वावरात जाते. कोनाले तरास नाई."

वा, असं म्हणायला अर्जुनरावांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते,

"हे कोणत्या नियमाखाली?"

आवाजसुद्धा तोच. नाकातला.

उकंडरावाचा चेहरा पडला. "बंद करतो मंग," म्हणत तो वाकला, शेवटची बाटली उचलू लागला.

"थांबा —"

वर विचारावं लागेल, एवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं किती सहज सांगत आलो. पण उकंडराव वाकलेलाच, मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि अर्जुनरावांना एकदम उमगलं, की धाडच्या या ओट्यावरून वर म्हणजे मीच.

हिरवा बोळा त्यांच्या मुठीत होता. ती एक बाटली तेवढी उघडी राहिली होती.