झाकणाने मोजलेलं हार्डनर

संजनाने थर्माकोलची ती जाडजूड फळी जिन्याने वर आणली तेव्हा सावळीराम दारातच चहा पीत बसला होता.

"पाट केलास काय गं?" त्याने विचारलं. "जेवायला कोणाला बसवणार याच्यावर?"

"पप्पा, फॉइलबोर्ड आहे हा."

"असेल. पाटाला कुणी काहीही नाव ठेवावं."

सातपूरच्या त्या कॉलनीत सावळीरामने चांगलं म्हटलेली वस्तू शोधूनही सापडली नसती. शेजारच्यांनी नवी गाडी घेतली की तो बंपरवर टिचकी मारायचा आणि "पापड आहे" म्हणून मोकळा व्हायचा. गच्चीवरच्या टाक्या बघून तर त्याला रोज सकाळी नव्याने चीड यायची. सिन्नरच्या एका फायबरच्या कारखान्यात त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती. पाण्याच्या टाक्या, बसची नाकं, चौकीदारांच्या केबिनी, सगळं हातचं काम. काचेचं कापड अंथरायचं, वर चिकट रेझीन ओतायचं, रोलरने जिरवायचं आणि एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्याने केलेल्या टाकीत बुडबुडा दाखवा आणि माझी मिशी उतरवा, असं तो म्हणायचा. मिशी अजून जागेवर होती, हे खरं.

मग कारखान्यात नवी रीत आली. कोरडं कापड साच्यात अंथरायचं, वर प्लास्टिक ताणायचं, पंपाने हवा ओढून घ्यायची, की रेझीन आपोआप पसरतं. "काम माणसाने करायचं की पंपाने?" असं सावळीरामने भर खात्यात मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने उत्तर दिलं नाही, वर्षभराने नारळ दिला. आणि ज्या शेखरला रोलर कुठून धरायचा हेसुद्धा सावळीरामने शिकवलं होतं, तो पंप शिकला आणि सुपरवायझर झाला. नारळ मिळून चार वर्षं झाली. या चार वर्षांत सावळीरामला कुणी काम सांगितलं नव्हतं, आणि तो त्याबद्दल कधी बोलत नव्हता. बोलायचा ते पापडांबद्दल.

संजना जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत कोकणात जाऊन लाटेवर उभं राहायला शिकून आली आणि तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं सावळीरामचं मत होतं. आता त्यापुढची पायरी निघाली होती. या बोर्डाच्या पोटाला खाली एक अडीच फुटी दांडा, दांड्याच्या टोकाला विमानासारखे दोन पंख. पालथं पडून लाट पकडायची, वेग आला की उठून उभं राहायचं. पंख पाण्यात राहतात आणि बोर्ड पाण्यावेगळा हवेत चालतो.

"म्हणजे तरंगायला फळी केली, आणि ती तरंगू नये म्हणून दांडा लावला," सावळीराम म्हणाला. "शिकलेल्या लोकांचं हे असंच असतं."

"आणि नाशकात लाट कुठाय?" संजनाच्या आईने, लताबाईंनी, आतून विचारलं. प्रश्न रास्त होता.

"धरणावर माझ्या ओळखीच्या महेशची बोट आहे ना. बोटीमागे लाट उठते, तेवढी पुरते. लहान लाटेवर चालतो, हेच तर याचं वैशिष्ट्य आहे."

थर्माकोलसुद्धा तिने पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधून आणलेलं होतं, भिंतीत भरून उरलेलं. तापलेल्या तारेने कापून, घासून तिने त्याला आकार दिला होता. आकार बरा जमला होता. सावळीरामने तसं म्हटलं नाही. पण त्या दिवशी दुपारी त्याने तिला फोनवर बोलताना ऐकलं, "शेखरकाका, मला फायबर चढवायचंय, तुम्ही एक रविवार याल का?" आणि त्याच्या हातातला पेपर खाली आला.

"शेखऱ्याला कशाला बोलावतेस?"

"तुम्ही पाट म्हणालात ना."

"पाट तर पाट. घरात मी असताना माझ्या पोरीच्या पाटाला फायबर शेखऱ्या चढवणार? ठेव तो फोन."

त्या क्षणाला सावळीरामला इतका आनंद झाला होता की तो लपवायला त्याने आणखी दोन शिव्या शेखरला दिल्या. मग खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून रोलर, ब्रश, कात्री बाहेर काढली. रोलर चार वर्षं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला होता.

गच्चीवर काम सुरू झालं. संजनाने इपॉक्सी जातीच्या रेझीनचा डबा आणला होता. थर्माकोलवर टाक्यांचं नेहमीचं रेझीन टाकलं तर थर्माकोल विरघळतं, हे सावळीरामलाही माहीत होतं, म्हणून त्याने डब्याला नाव ठेवलं नाही. नावं ठेवली ती बाकी सगळ्याला. तिने हातमोजे घातले, त्याला नावं ठेवली. मास्कला ठेवली. आणि तिने स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रिक काटा आणून त्यावर वाटी ठेवली, दोन भाग रेझीन आणि ते घट्ट करणारं हार्डनर एक भाग, असं ग्रॅमवर मोजायला लागली, तेव्हा तर त्याला हसूच आवरेना.

"सोनाराच्या दुकानात बसलीयस का? आम्ही झाकणाने ओतायचो. थंडी असली की चार झाकणं जास्त, उन्हाळ्यात दोन कमी. अठ्ठावीस वर्षांत एक टाकी कच्ची राहिली नाही."

"हे वेगळं असतं पप्पा. डब्यावर लिहिलंय, प्रमाण बदलायचं नाही."

"डबा लिहिणाऱ्याने कधी टाकी केलीय का, विचार."

पण तिने मोजूनच घेतलं आणि दोघांनी मिळून वरची बाजू केली, दुसऱ्या दिवशी खालची. सावळीरामचा हात खरोखर सुरेख चालत होता. कापडाला सुरकुती नाही, कडेला थेंब नाही. संजना त्याच्या हाताकडे बघत राहायची आणि "पप्पा, थांबा, पुन्हा दाखवा" म्हणायची. काचेच्या तुसांनी दोघांच्या कोपरांना खाज सुटली, लताबाईंनी दोघांना गार पाण्याने हात धुवायला लावले. सावळीराम जेवताना तीन पोळ्यांऐवजी पाच खाऊ लागला.

उरली होती ती पोटाची खाच. दांडा जिथे बोल्टने बसतो ती. चालवणाऱ्याचं सगळं वजन त्या वीतभर जागेवर येणार, म्हणून तिथे कापडाचे सहा थर द्यायचे होते. सोमवारी संजना संध्याकाळच्या बॅचला तलावावर गेली होती. "मी आल्यावर करू," असं सांगून गेली होती. हवा गारठली होती, त्या आठवड्यात पारा नऊवर उतरला होता. सावळीरामने गच्चीवर जाऊन एकट्याने ते काम उरकून टाकलं. काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. झाकणाने हार्डनर ओतलं, आणि थंडी आहे म्हणून चार झाकणं जास्त.

मंगळवारी सकाळी त्याने खाचेवर नख दाबलं. नख रुतलं.

त्याला वाटलं, ऊन लागलं की होईल. दिवसभर बोर्ड उन्हात ठेवला. संध्याकाळी पुन्हा दाबलं, पुन्हा रुतलं. लाडवाचा पाक बिघडला की लाडू वळले तरी आतून ओलेच राहतात, तसं ते झालं होतं, वरून घट्ट आणि आतून लिबलिबीत. इपॉक्सीला हार्डनर जास्त झालं की ते लवकर सेट होत नाही, उलट कायमचं कच्चं राहतं, हे डब्यावर दुसऱ्या ओळीत छापलेलं होतं. सावळीरामने ती ओळ त्या दिवशी वाचली. चष्मा लावून दोनदा वाचली.

करायला हवं होतं ते सोपं होतं. सगळं खरवडून काढायचं आणि मोजून पुन्हा द्यायचं. एका दिवसाचं काम. पण त्यासाठी पोरीला सांगावं लागलं असतं की काटा बरोबर होता आणि झाकण चुकलं. हे वाक्य सावळीरामला बोलवेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कच्च्या मालावर थुंकलेल्या माणसाने मग काय करावं? त्याने पांढऱ्या रंगाचा स्प्रे आणला आणि खाचेवर दोन हात मारले. वर बारीक पॉलिश पेपर फिरवला. चकाचक दिसायला लागलं. असे रंग मारणारे त्याने कारखान्यात पकडून पकडून बाहेर काढले होते.

"एकट्यानेच केलंत?" दोन दिवसांनी सवड काढून गच्चीवर आलेली संजना म्हणाली. ती जराशी हिरमुसली होती, पण तिने पांढऱ्या भागावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय फिनिशिंग आलंय, पप्पा."

"मग? शेखऱ्याला जमलं असतं?"

बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज सावळीराम ठरवायचा की आज सांगू. शनिवारी त्याला कळलं की रविवारी धरणावर शेखरही येणार आहे, संजनानेच बोलावलंय, "पप्पांचं काम बघायला." झालं. मग तर सांगणं शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर धुकं उतरलेलं होतं. महेशची मासेमारीची बोट काठाला उभी होती. शेखर मोटरसायकलवरून आला, "जय भीम, दादा" म्हणाला आणि आल्याआल्या बोर्ड उलटा करून बघू लागला. कडा बघितल्या, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला.

"दादा, हात अजून तोच आहे तुमचा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "आमच्याकडच्या पोरांना आणून दाखवलं पाहिजे हे."

"तुमच्याकडे पंप आहे ना. हात कशाला लागतात?"

शेखर हसला. संजना दांड्याचे बोल्ट आवळत होती. आता बोलायची वेळ होती. 'थांब, ते कच्चं आहे,' एवढे चारच शब्द. सावळीरामने मनाशी हिशोब केला की पोरगी वजनाला हलकी, दोन फेऱ्या तर निघतील, मग घरी नेऊन गुपचूप दुरुस्त करू. आणि तो शेखरला टाक्यांच्या गोष्टी सांगत बसला.

बोट सुटली. संजना बोर्डवर पालथी पडून, दोरी धरून मागे चालली. बोटीमागे लाट उठली तशी ती एका झटक्यात उभी राहिली, दोरी सोडली, आणि बोर्ड पाण्यातून वर आला. पाण्याचा आवाजच बंद झाला. हातभर उंचीवरून त्याची पोरगी नुसती चालली होती, गुडघे किंचित वाकवून, हात पसरून. सावळीराम उभा राहिला. त्याला रडू आलं. अशी गोष्ट आपण आयुष्यात पाहिली नाही आणि तिच्यात आपला हात आहे, असं त्याला वाटलं. मग तो हात कुठे आहे ते आठवलं आणि तो ओरडला, "बस झालं! ये बाहेर!"

तिने लांबून हात हलवला. तिला वाटलं, पप्पा खूश झालेत. बोट वळली आणि दुसरी फेरी सुरू झाली.

मध्यावर आल्यावर बोर्ड अचानक आडवा फिरला. खाच सगळ्या थरांसकट उपटून आली. संजना पुढे फेकली गेली आणि सुटलेल्या दांड्याचा पंख तिच्या पोटरीवरून गेला. महेशने तिला बोटीत ओढून घेतलं तेव्हा फळ्या लाल झाल्या होत्या. दांडा आणि पंख धरणाच्या तळाला गेले. बोट काठाला लागताच शेखरने गळ्यातला मफलर काढून तिचा पाय करकचून बांधला. सावळीराम गुडघाभर पाण्यात उभा होता.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात तिला चौदा टाके पडले. डॉक्टर शिवत होते तेव्हा तिने मान वळवून बापाकडे बघितलं.

"पप्पा, सॉरी हं. माझ्यामुळे तुमचं काम वाया गेलं. डबा मीच ऑनलाइन मागवला होता, जुना माल असणार. तुम्ही एवढं छान केलं होतंत."

शेखर भिंतीला टेकून उभा होता. पाण्यावर आलेला बोर्ड त्यानेच बाहेर काढला होता, आणि उपटलेल्या खाचेत तो बोट दाबून बघत होता ते सावळीरामने पाहिलं होतं. शेखरला सगळं कळलं होतं.

"हो ना," शेखर म्हणाला. "अशा रेझीनचा काही भरवसा नसतो. दादा तरी काय करणार?"

सावळीरामला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. हाताखालच्या माणसाने त्याच्यावर दया केली होती, आणि तीही त्याच्या पोरीसमोर खोटं बोलून.

"माल चांगला होता," तो म्हणाला. "हार्डनर मी झाकणाने ओतलं. जास्त झालं. खाच कच्ची होती."

संजना ताडकन उठू लागली. डॉक्टरांनी पाय हलवू नका म्हणून सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"आज रविवार आहे, पप्पा."

"हो."

"रंग त्याच्यासाठी मारला?"

"हो."

टाके संपेपर्यंत ती छताकडे बघत राहिली. ओरडली असती तर सावळीरामला काही तरी बोलता आलं असतं. पट्टी बांधून झाल्यावर ती कोपरांवर उठून बसली.

"शेखरकाका," ती म्हणाली, "नवा बोर्ड करायचाय मला. तुम्ही याल का?"

शेखरने सावळीरामकडे बघितलं. "दादा आहेत ना घरी," तो हळूच म्हणाला.

"मी तुम्हाला विचारतेय."

शेखरच्या कामाबद्दल सावळीराम गेली वीस वर्षं रोज काही ना काही बोलत आला होता. आज तिच्या ओल्या चपला हातात धरून तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि शेखर काय उत्तर देतो याची वाट बघू लागला.