दुपारचं वेल्श गाणं

दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी यायचं, मोबाइलवर बसवण्णांची कन्नड वचनं लावायची आणि पाकिटातली कडक भाकरी आमटीत चुरून जेवायचं, असं माझं वर्षभर चाललंय. वचनं काही भक्तीपोटी लावत नाही. घर खायला उठतं म्हणून लावतो.

मी मल्लिनाथ, चादरींचा व्यापारी. आमच्याकडे दुकानात मराठी आणि घरात कन्नड. बायको काशम्मा गेली आणि घरातलं कन्नड बंद पडलं. मुलगा पुण्याला, तो फोनवर मराठीत बोलतो. सूनबाईंचं तर निम्मं इंग्रजीच. मग मी कन्नड बोलू कुणाशी, भिंतींशी?

एके दिवशी वचनं संपली आणि मोबाइलनं आपल्या मर्जीनं भलतंच गाणं लावलं. गिटार, बासरी, आणि मागे टेप उलटी फिरवल्यासारखा विचित्र आवाज. बंद करणार, तेवढ्यात एक बाई गायला लागली. शब्द एक कळेना. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा सूर वर चढायचा, काहीतरी विचारल्यासारखा. माझा घास हातातच राहिला.

काशी अशीच विचारायची. ‘रोट्टी हाकलेन्री?’ भाकरी वाढू का? आणि मी ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत भाकरी हातात धरून तशीच उभी राहायची.

मग ते गाणं रोज लागू लागलं. शेवटी शेजारच्या मोबाइल दुकानातल्या अतीकला दाखवलं.

“मालक, ये वेल्श जबान है,” तो स्क्रीन वाचत म्हणाला. “इंग्लंड के बाजू में वेल्स बोलके मुलुख है. पचास साल पुराना गाना. सायकेडेलिक फोक बोलते इसकू.”

“म्हंजे काय रे?”

“नशे में डूबा हुआ लोकगीत समझो. इस उमर में क्या चालू किये, मालक?” तो हसला. “रुको, मतलब निकालके देतूं. हां, वो बाई बोल रही की...”

मी मोबाइल हिसकावून घेतला. “नको! ती काय इचारती ते मला म्हाईत हाय.”

त्या पोराची काय चूक? पण अर्थ कळला असता तर ती परकी बाई झाली असती, आणि काशी दुसऱ्यांदा गेली असती.

घरी आलो, ताट वाढून घेतलं, गाणं लावलं. सूर वर चढला तसा मी मोठ्यानं म्हणालो, “साकु.” वर्षानं माझ्या तोंडून कन्नड निघालं. पण तोवर बासरी सुरू झाली होती, बाई पुढच्या ओळीवर गेली होती. काशी उत्तरासाठी थांबायची. ही थांबत नव्हती. मला राग आला आणि डोळेही भरून आले.

गाणं मागे नेलं. सूर पुन्हा चढला, आणि मी बोटानं तिला तिथंच थांबवलं. घर गप्प झालं.

“हाकु,” मी म्हणालो. वाढ.