अर्धी भरलेली पोकळी

मी पोकळी बोलतेय. दचकू नका. विटांची एक भिंत बाहेर, एक आत आणि दोघींच्या मधे चार बोटं जागा मोकळी सोडलेली, ती मी.

वेल्सच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून आमची जोडघरं उभी आहेत. महायुद्धानंतर नगरपालिकेने बांधली. घरं दोन, पण समोरच्या भिंतीत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. गवंड्यांनी मला मोकळं ठेवलं ते काही विसरून नव्हे. इथला पाऊस वरून पडतच नाही, समुद्रावरून आडवा येऊन भिंतीवर आपटतो. बाहेरच्या विटा पाणी पितात. ते पाणी माझ्यापाशी आलं की विटांच्या पाठीवरून खाली ओघळतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. आतल्या भिंतीला पत्ताही लागत नाही. एवढंच माझं काम. ते मी वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं.

डावीकडचं घर इदवाल पॅरी आणि त्याची बायको एलुनेद यांचं. इदवालने जन्मभर पाटीच्या दगडाच्या खाणीत काम केलं आणि त्या दगडाची धूळ छातीत घेऊन घरी बसला. उजवीकडे बेती. एकटी आणि फटकळ. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या कानावर नाही, आणि मला सगळं ऐकू येतं.

एका शरद ऋतूत एक तरुण दारावर आला. गळ्यात ओळखपत्र, बुटांना चिखल.

"मिस्टर पॅरी, तुमच्या भिंती पोकळ आहेत."

"माझं डोकं पोकळ आहे असं ही रोज सांगते," इदवाल म्हणाला. "भिंतींचं आज कळलं."

"घरातली ऊब तिथून निघून जाते. आम्ही आत लोकर भरून देतो. सरकारी योजना आहे, तुम्हाला एक पेनीही पडणार नाही."

"फुकट कोण देतं हल्ली?" एलुनेद पुटपुटली.

"अगं, सरकार देतंय म्हणजे बघूनच देत असणार. आणि माझ्या छातीला ऊब नको का?"

खोटं कशाला बोलू, थोडीफार ऊब माझ्यातून जायची. ते पोरगं त्याबाबतीत खोटं बोलत नव्हतं.

मग ते बेतीच्या दाराशी गेलं. बेतीने नुकताच उंबरा घासून धुतला होता आणि त्याने नेमका त्यावरच पाय दिला. पुढे काय झालं ते सांगायला नको. योजनेचं नाव तोंडातून निघायच्या आत तो फाटकाबाहेर होता. बेतीला भिंतीतलं काही कळत होतं असं मुळीच नाही. तिचा उंबरा मळला आणि माझं उजवं अंग वाचलं.

डाव्या अंगाची गोष्ट वेगळी. माणसं आली, बाहेरून भोकं पाडली, नळी खुपसली आणि मळकी लोकर सूं सूं करत माझ्यात कोंबली. बेतीच्या हद्दीत जाऊ नये म्हणून मधे एक ब्रशासारखा अडसर घातला. एलुनेदने चहा ठेवला होता, तो घ्यायलाही थांबली नाहीत. पुढच्या रस्त्यावर आणखी घरं उरकायची होती. जाता जाता एकाने जरी वळून समुद्राकडे बघितलं असतं, तरी इथली भिंत भरायची नसते हे त्याच्या लक्षात आलं असतं.

त्या हिवाळ्यात पाऊस नेहमीसारखाच आला. उजवीकडे मी त्याला वाट दिली. डावीकडे वाटच नव्हती. लोकर भिजली, फुगली आणि तिने ते पाणी सरळ आतल्या भिंतीच्या हवाली केलं. भिंतीवर चिकटवलेला कागद सुटला, कपाटामागे काळी बुरशी धरली. इदवालचा खोकला थांबेना.

तक्रार केल्यावर एक तपासनीस आले. भिंतीला एक यंत्र लावून त्यांनी एलुनेदकडे बघितलं.

"कपडे कुठे वाळत घालता?"

"घरातच. बाहेर घातले तर इंग्लंडात जाऊन पडतील."

"आणि किटली?"

"ती तर दिवसभर चालूच असते."

"मग हे तुमच्या राहणीमुळे आहे, मिसेस पॅरी. वाफ कमी करा. खिडक्या उघड्या ठेवा."

एलुनेदने ते मनाला लावून घेतलं. टापटिपीचं घर म्हणून चॅपेलमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, तिचं नाव निघायचं, आता तिला कोणी घरी आलेलंही नको वाटू लागलं. तिने किटली कपाटात ठेवून दिली. दर शनिवारी रटरटणारा मटणाचा रस्सा बंद केला. ऐन जानेवारीत खिडक्या उघड्या, आणि इदवाल कोट-टोपी घालून जेवायच्या टेबलाशी कुडकुडत बसलेला. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. मी मात्र तळमळत होते. पाणी बाहेरून येतंय हे मला दिसत होतं, पण सांगू कुणाला?

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, याला या घरात ठेवायचं नाही. इदवालची रवानगी पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात झाली. गाडीत बसताना तो म्हणाला, "भिंत सुकली की न्यायला ये."

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"सुकली का गं?"

"सुकतेय," एलुनेद सांगायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातातल्या फडक्याने भिंत पुसणं चालू.

बेतीकडे जाणं तिने सोडलं होतं, कोटाला बुरशीचा वास येतो म्हणून. एके दिवशी बेतीनेच तिला दंडाला धरून आपल्या घरी ओढत नेलं आणि पुढच्या खोलीत बसवलं. वर दोरीवर ओले कपडे, आत किटली शिट्टी मारतेय.

"तू खिडक्या उघडत नाहीस?" एलुनेदने विचारलं.

"या थंडीत? डोकं फिरलंय का माझं?"

एलुनेद उठली. तिथलं कपाट जोर लावून पुढे ओढलं आणि मागे हात घालून भिंत चाचपली. वर, खाली, कोपऱ्यात. सगळी कोरडी ठणठणीत. ती तिथेच जमिनीवर बसली.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतंच गं, बेती. मी त्याला थंडीत बसवलं, आणि माझ्यामुळे नव्हतंच."

बेतीने किटली बंद केली आणि तीही तिच्याशेजारी जमिनीवर बसली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

दोन घरांत फरक एकच होता, ती लोकर; मग फोनाफोनी सुरू झाली. लोकर भरणारी कंपनी केव्हाच गुंडाळली होती. हमी दुसऱ्या कुणाकडे, तो तिसऱ्याकडे बोट दाखवणार. लोकर काढून मिळेल, पण नंबर लागेल तेव्हा, आणि तोवर घरात कुणीतरी राहत असलं पाहिजे.

"त्याला माझ्याकडे आण," बेती म्हणाली. "पुढची खोली पडूनच आहे. आपल्याकडे पुढच्या खोलीत माणसाला मेल्यावरच ठेवतात, दफनाआधी; इदवाल जिवंतपणी राहून जाईल."

तर आता इदवाल उजवीकडे राहतो. एलुनेद दिवसभर त्याच्यापाशी असते आणि झोपायला डावीकडे, ओल्या भिंतींत, नंबर जाऊ नये म्हणून. निघताना तो तिला सांगतो, "जपून जा."

परवा बेती बाजारात गेली असताना दार वाजलं. इदवाल काठी टेकत गेला. दारात एक मुलगी. योजना नवी, ओळखपत्र नवं.

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे या घराची भिंत अजून रिकामी आहे."

इदवालने आधी दम घेतला.

"रिकामी नाही, पोरी. तिचं काम चाललंय."

"पण आत तर काहीच नाहीये."

"शेजारच्या घरात घातलं होतं. ते माझं घर. मला तिथे राहता येत नाही."

मुलीने डावीकडच्या घराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "सॉरी, सर," आणि गेली.

माझं काही काम आहे, हे माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने म्हणालं. बरं वाटलं, कशाला लपवू? पण माझ्या डाव्या अंगातली लोकर अजून ओलीच आहे. तुमच्यापैकी कुणाचा नंबर लावणाऱ्या त्या कचेरीत हात पोचत असेल, तर एवढं कळवा: मला रिकामं करा. चार पावलांवर स्वतःचं घर आहे, आणि एक म्हातारा तिथे जायची वाट बघत बसलाय.