जीभसाहेबांची साखर

आमच्या ह्यांना कामावर सगळे जीभसाहेब म्हणतात. औषधी पानांच्या कारखान्यात हे पानं पारखतात. गुडमारचं पान चावायचं, मग जिभेवर चिमूटभर साखर टाकायची. साखर वाळूसारखी लागली की पान अस्सल, कारण त्यातलं द्रव्य जिभेला गोडी कळूच देत नाही. मग साखर थुंकून टाकायची. ह्यांना स्वतःलाच मधुमेह, तेव्हा थुंकणं आलंच. नमुने घरी आणले की ती चिमूट मी देते. डबा ह्यांच्या हाती देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण.

परवा दुपारी ह्यांनी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, मी ताट वाढलं, तर म्हणाले, "एवढं एक पान बघतो, मग बसतो." एकाची पाच झाली. "आता तोंडाला चव नाही, मागून जेवतो." इंजेक्शन काय ह्यांच्या चवीसाठी थांबणार होतं? मी बडबडत कपडे वाळत घालायला गेले.

परत येऊन बघते तर हे घामाने निथळतायत, हात थरथरतायत, आणि मलाच विचारतायत, "ताई, साहेब आले का?"

ताई! सख्ख्या बायकोला! रक्तातली साखर उतरली होती.

मूठभर साखर पाण्यात ढवळली, पेला ओठांना लावला. ह्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पचकन थुंकला.

"झकास! शुद्ध वाळू. माल पास!"

"अहो, गिळा!"

दुसरा घोटही जमिनीवर. मेली इतक्या वर्षांची सवय, भान सुटलं तरी सुटेना. ह्यांचे डोळे जड व्हायला लागले. मग मात्र मी हनुवटी धरली नि ओरडले, "चुलीत गेला तुमचा माल! वाळू तर वाळू, माझ्यासाठी गिळा!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. पण गिळलं. पेला संपेपर्यंत मी हनुवटी सोडली नाही.

हळूहळू घाम ओसरला. मी भरवलं, हे मुकाट जेवले. डॉक्टरांनी फोनवर दोघांनाही झापलं. मग पानाचा अंमल उतरला, तसे हे चिकट मिशी चाटू लागले.

"अगं, केवढी साखर घातलीस! मारायचंय का मला?"

"हो, मारायचंच आहे," मी म्हणाले, आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले.