कुलपातल्या गुलाबी प्लेटा

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. बाळांना ठेवतात तो नव्हे, लॅबमधला, जंतू वाढवणारा. माझ्या पोटात कायम सदतीस अंशांची ऊब असते. आज मात्र मी रागानं तापलो आहे.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! आता दाराचं रबर सैल झालंय, म्हणून चिकटपट्टी लावतात. साफसफाईच्या मावशी तेवढ्या दर शनिवारी मला आतून पुसतात आणि म्हणतात, "टिकून राहा रे म्हातारबा."

याच मावशींची आठ वर्षांची नात रक्ताच्या हगवणीनं आजारी पडली. नमुन्याची डबी मावशींनी स्वतःच आणून दिली.

आता नीट ऐका. ई-कोलाय नावाचे जंतू तुम्हा सगळ्यांच्या आतड्यात असतात आणि बहुतेक गुण्यागोविंदानं नांदतात. पण त्यांच्यातलीच एक जात महाडांबिस. ती आतड्याच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटते आणि विष सोडते. ते विष रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत पोचतं. साध्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशीवर, हे सगळे भाऊ सारखेच दिसतात. खास गुलाबी प्लेटवर मात्र साधे जंतू गुलाबी होतात आणि हा डांबिस फिकाच राहतो.

तसल्या प्लेटांचा अख्खा खोका आमच्या फ्रिजमध्ये होता. फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली लॅबच्या साहेबांकडे.

"साहेब, एक गुलाबी काढू का? रक्त पडतंय हो पोरीला," लॅबच्या ताईंनी विचारलं.

"अजिबात नाही. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. खोका भरलेला दिसला पाहिजे."

मग साध्या प्लेटवर ते जंतू मीच वाढवले. मला ओरडता येत नाही, याची इतकी चीड मला कधी आली नव्हती. रिपोर्ट गेला: नेहमीचेच जंतू. डॉक्टरांनी पोरीला घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. मोठ्या दवाखान्यात तसल्याच गुलाबी प्लेटवर खरा जंतू सापडला, पण ते वरातीमागून घोडं. वेळीच कळलं असतं तर तिला ठेवून घेतलं असतं, सलाईन लावलं असतं, मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं असतं. आता तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडतात.

इन्स्पेक्शन झकास झालं. भरलेला खोका पाहून पाहुण्यांनी साहेबांना शाबासकी दिली. मला पुसणारा मावशींचा हात थांबला.

"ताई, हा खोका तेव्हा पण इथंच होता?"

"होता. कुलपात," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, जीव वाचवायला आणलेली वस्तू वापरा. कुलपात ठेवून मिरवू नका!

महिनाअखेरीला त्या प्लेटांची मुदत संपली. सगळ्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या. एकही वापरलेली नव्हती. पिशवी उचलायला मावशीच आल्या.