भिंतीतला सातवा कोनाडा

कमिटीची माणसं मंगळवारी सकाळी आली आणि दर्या नदीच्या काठच्या गल्लीतल्या एकेका दारावर लाल रंगाने आकडा घालून गेली. नोसिरच्या दारावर अकरा आला. मग त्यांच्यातल्या एका बाईने गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे युनुस-बाबा यांच्या अंगणातल्या लाकडी बैठकीवर नकाशा पसरला. घरं पाडून बाग व्हायची होती: इथे कारंजं, इथे बाकं, इथून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, आणि काठाकाठाने चिनारांची रांग.

"इतकी वर्षं दर्याकडे पाठ करून राहिलात," बाई म्हणाली. "आता सगळं शहर इथे फिरायला येईल."

माणसांनी माना डोलावल्या. बागेला नाही कोण म्हणणार. शिवाय प्रत्येक कुटुंबाला नव्या इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात नळ मिळणार होता. कुणीतरी विचारलं, चौथ्या मजल्यावर तंदूर कुठे बांधायचा? बाई हसली आणि नकाशा गुंडाळून निघून गेली.

नोसिरही हसला आणि घरी आला. लाल रंगाचा वास घरात शिरला होता आणि तो उत्तरेच्या भिंतीकडे बघत होता.

त्या भिंतीला सहा कोनाडे होते. तो सात वर्षांचा असताना सात होते. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना बापाने घरातली पुस्तकं पांढऱ्या कापडात बांधली. अरबी अक्षरांची, काही आजोबांनी हाताने उतरवलेली. गाठोडं सातव्या कोनाड्यात ठेवलं, पुढे विटा लावल्या आणि वर मातीचा गिलावा केला. नोसिर चिखलाचं घमेलं धरून उभा होता.

"काय पाहिलंस?" बापाने विचारलं.

"चिखल."

"शाबास."

पंधरवड्याने सरकारी माणसं समोरच्या जिनगराला घेऊन गेली. त्याच्या घरात अरबी अक्षरांचं एकच पान सापडलं होतं, उशीत शिवलेलं. जिनगर परत आला नाही. त्याच्या बायकोशी गल्लीत कुणी बोलेना, नोसिरची आईसुद्धा. पाणी भरायला ती बाई आली की बाकीच्या बायका अर्धी घागर घेऊन घरी जायच्या. नोसिरला जिनगराचं तोंड आता आठवत नव्हतं. त्या अर्ध्या घागरी मात्र आठवत होत्या.

त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली होती. काळ सैलावलाय असं लोक म्हणत. पण मागच्याच वर्षी गिरणीतल्या एका मुकादमाने स्वतःच्या बापाच्या मयतीत मोठ्याने दुआ म्हटली, तर महिन्याभरात तो झाडू मारताना दिसला. आणि नोसिरची मुलगी गुलनोर आत्ताच राजधानीत, दुशान्बेला, डॉक्टरकीला निवडली गेली होती, सप्टेंबरात जायची होती. एका कागदाने तिला आत घेतलं होतं. एका कागदाने तिला बाहेर काढायला कितीसा वेळ.

भिंत सामाईक होती, हे सगळ्यात वाईट. पलीकडे होशिम मुअल्लिम, म्हणजे मास्तर, राहायचे. शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर गुरुवारी क्लबात देव नाही या विषयावर भाषण द्यायचे. भाषण चांगलं असायचं. नोसिर स्वतः दोनदा टाळ्या वाजवून आला होता.

म्हणून त्याने गुरुवार निवडला. बायको, मस्तुरा, बाजारात गेली होती. त्याने हातोडीवर फडकं गुंडाळलं आणि गिलाव्यावर बेताने घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला ढपला निघाला आणि भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"नोसिर, खिळा ठोकतोयस का रे?"

त्याच्या हातातली हातोडी तिथेच राहिली. "हो, मुअल्लिम. कॅलेंडर लावतोय. तुमचं भाषण नाही आज?"

"घसा बसलाय." मुअल्लिम पलीकडे खोकले. मग, "पाडायच्या घरात कॅलेंडर?"

"दोन महिने तारीख तरी बघायला हवी ना."

"बरोबर आहे," मुअल्लिम म्हणाले. "तारखेवर लक्ष हवंच."

नोसिरने खरोखरच कॅलेंडर आणून त्या जागेवर टांगलं. मस्तुरा आली आणि बघत राहिली. "स्वयंपाकघरात होतं ते काय वाईट होतं? घर सोडायच्या आधी डोकं सोडून चाललास वाटतं." भिंतीत काय आहे, हे त्याने तिला संसाराच्या वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. तारखेवर लक्ष हवंच, या तीन शब्दांत काय होतं, हे तो दोन दिवस उलटंपालटं करून बघत होता.

शनिवारी युनुस-बाबांनी सगळ्या पुरुषांना चहाला बोलावलं. गल्लीची रीत जुनी होती. घर बांधायचं असो की उतरवायचं, शेजारी मिळून हशर करायचे. फुकट काम, आणि घरमालकाकडे पुलाव. कमिटीचं यंत्र येण्याआधी तुळया, दारं, खिडक्या वाचवायच्या होत्या. आणि रीतीचा एक भाग असा, की मालकाने स्वतःच्या भिंतीला पहार लावायची नाही. ज्याने त्या भिंतीआड संसार केला त्याने ती मोडू नये. त्याने डेगेपाशी उभं राहून पुलाव हलवावा.

"बोला, पहिलं घर कुणाचं?" युनुस-बाबांनी विचारलं.

सबबी निघू लागल्या. एकाची बायको आजारी निघाली. एकाचा भाऊ कानिबादामहून यायचा होता, त्याच्याशिवाय कसं करणार. नोसिर म्हणाला, "माझं शेवटी घ्या, बाबा."

"सगळ्यांनाच शेवटी हवंय. लग्नात मात्र पहिल्या पंगतीला बसता." युनुस-बाबांनी दाढी खाजवली. "माझ्यापासून केलं असतं, पण सून बाळंतीण. चाळीस दिवस त्या घरात ठोकठोक नको."

"अकरा नंबरपासून करू," होशिम मुअल्लिम म्हणाले. घसा अजून बसलेलाच होता. "तुळया चांगल्या आहेत त्याच्या. उत्तरेची भिंत मी घेतो. पलीकडे माझं घर आहे, जपून काढावी लागेल."

नोसिरने चहाची वाटी खाली ठेवली. शेजाऱ्यांच्या हशरला नाही म्हणायचं म्हणजे शेजाऱ्यांनाच नाही म्हणायचं. आणि मग लोक विचारणार, का?

रविवारी सकाळी चौदा माणसं आली. नोसिर अंगणात डेगेपाशी उभा होता, हातात झारा. आत पहारी पडत होत्या आणि तो प्रत्येक घाव मोजत होता. छपरावरून पोरं तुळया खाली सोडत होती, एकमेकांची टर उडवत होती. "नोसिर-अको, गाजरं जळतायत," कुणीतरी ओरडलं. खरंच जळत होती. त्याने झारा मस्तुराच्या हातात दिला आणि तो आत गेला.

मुअल्लिमनी कॅलेंडर काढून नीट घडी करून ठेवलं होतं. उघड्या पडलेल्या विटांसमोर ते पहार घेऊन उभे होते.

"मुअल्लिम, ही भिंत मला द्या."

"रीत नाही."

"तुम्ही कधीपासून रीत बघायला लागलात?"

मुअल्लिमनी पहार फटीत घातली आणि जोर दिला. तीन विटा एकदम सुटल्या, आणि धुरळ्यात गाठोड्याचा कोपरा दिसला. कापड पिवळं पडलं होतं. एका ठिकाणी फाटलं होतं आणि आतली काळी अक्षरं दिसत होती.

नोसिर मागे सरकला. त्याला डोळ्यांपुढे गुलनोर दिसली, हातात पेटी, दुशान्बेच्या स्टेशनावर, परतीच्या गाडीची वाट बघत.

दारात पावलं वाजली. मुअल्लिमनी अंगातला कोट काढून कोनाड्यावर टाकला. "इथली तुळई सुटली आहे," त्यांनी बसक्या आवाजात सांगितलं, "डोक्यात पडेल. बाहेर व्हा सगळे, पुलाव खा." पावलं परत गेली.

दोघंच उरले. मुअल्लिमनी गाठोडं कोटात गुंडाळून काखेत घेतलं. नोसिरला तो कोट नव्हे, पुरावा वाटला.

"माझ्या मुलीचं तेवढं बघा," तो म्हणाला. "वर लिहून कळवायचं तर मी लपवलं असं लिहा. ती तेव्हा जन्मलीही नव्हती."

मुअल्लिमनी कोट काखेत नीट दाबला. त्यांच्या भुवयांवर माती होती. "आमचं तुळईच्या वर आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात. उद्या दुपारी ये. एकटा ये."

नोसिरचा विश्वास बसला नाही. रात्रभर नाही, सकाळीही नाही. हा सापळा असेल, घरात कुणी बसलेलं असेल. तरी तो गेला, कारण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. मुअल्लिम शिडीवर उभे होते. त्यांनी वरून एक चामड्याची पिशवी खाली दिली, आणि आत तशीच काळी अक्षरं होती.

"मग दर गुरुवारी ते..." नोसिर म्हणाला.

"ज्याच्या घरात हे असतं, त्याला मोठ्याने बोलावं लागतं."

जाळायचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. दर्यात सोडावीत, तर कागद तरंगतो आणि खाली पूल आहे. जुनी पवित्र पानं पुरतात, पण स्वच्छ जागी, जिथे पाय पडत नाही. अशी जागा शहरात एकच होती. आणि ती कमिटीच खणून देणार होती.

ऑक्टोबरात घरं गेली होती, जमीन सपाट झाली होती. शनिवारच्या श्रमदानाला गल्लीतल्या जुन्या लोकांना चिनार लावायला बोलावलं. नोसिर आणि मुअल्लिम शेणखताचं पोतं दोन्ही बाजूंनी धरून आले. नोसिरने आपली बाजू खाली टेकवली. मग त्याने आजूबाजूला बघितलं. युनुस-बाबांच्या मुलाच्या खांद्यावर पोतं होतं. ज्याची बायको आजारी होती तो हातगाडीवर पोतं घेऊन आला होता. एकेका खड्ड्यापाशी एकेक घर उभं होतं, आणि कुणी कुणाच्या पोत्याकडे बघत नव्हतं.

"घरून खत आणलंत?" नकाशावाल्या बाईला भरून आलं. "असे नागरिक हवेत." ती नोसिरच्या पोत्याजवळ वाकली. "चांगलं कुजलंय का?"

"पस्तीस वर्षांचं आहे," मुअल्लिम म्हणाले.

बाई हसत पुढे गेली. नोसिर हसू शकला नाही. हाताला लागेल तितकी माती तो खड्ड्यात लोटत राहिला.

बाग छान झाली. संध्याकाळी सगळं शहर येऊ लागलं, पोरं कारंज्यात भिजू लागली. गुलनोर दुसऱ्या वर्षाला गेली. नोसिर रोज यायचा आणि पायऱ्यांपासून चौथ्या चिनाराकडे बघायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या चिनाराची पानं कडेने करपली. नोसिर बादलीने दर्याचं पाणी घालू लागला, सकाळी एकदा, गिरणीतून आल्यावर एकदा. उपयोग झाला नाही.

जुलैत एका सकाळी बागेचा माळी फावडं घेऊन आला. त्याने नखाने साल खरवडली. "आत हिरवं आहे अजून," तो म्हणाला. "मुळाशी काहीतरी आडवं आलंय. खणून बघतो."

नोसिरला बादली खाली ठेवायचंही सुचलं नाही. तो बुंध्याला टेकून जमिनीवर बसला.

"उठा की, अको."

"पाय धरलेत. जरा बसू दे."

मुअल्लिम बाकावर पेपर वाचत होते. ते आले, पेपर पसरला आणि दुसऱ्या बाजूने टेकून बसले.

"तुमचेही पाय धरलेत?" माळ्याने विचारलं.

"माझा घसा बसलाय," मुअल्लिम म्हणाले.

माळी फावड्यावर हात टेकून उभा राहिला. ऊन चढत होतं. शेवटी तो वैतागला, फावडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "बरं, तोवर पाचव्याचं बघतो. तोही सुकतोय." तो तिकडे वळला, तर पाचव्या झाडासमोरच्या बाकावरून युनुस-बाबा काठी टेकत घाईघाईने उठत होते.